गोळी नेमकं कोणतं दुखणं थांबवते आहे?

पत्राचा सारांश : ३८ वर्षांच्या एक शिक्षिका लिहितात, की चार वर्षांपासून त्यांना क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज आहे. दारूला त्यांनी कधी हात लावलेला नाही, तरी ‘पूर्वी घेत होतात का?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या डॉक्टरकडे ऐकावा लागतो. बरगड्यांखाली मधोमध कळ उठते, पाठीत जाते आणि जेवणानंतर वाढते. सव्वा वर्षापूर्वी ट्रामाडॉल हे वेदनाशामक सुरू झालं, ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांनी. आज दिवसाला आठ होतात आणि तरी पहिल्यासारखा आराम पडत नाही. झोपेची गोळी अधूनमधून चालू असते. मन खचलं म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली आहे, तीही चालू आहे. मध्यंतरी घरात वाद झाला तेव्हा त्यांनी ट्रामाडॉल एकदम बंद केलं. दोन दिवस घाम, नाक गळणं, जुलाब, पोटात पिळवटून कळा, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू. तेव्हापासून पती स्ट्रिप मोजतात आणि त्या काही गोळ्या स्वेटरच्या घडीत लपवून ठेवतात. कधी कधी भांडण झालं, की दुखत नसतानाही एक घेते, हेही त्यांनी लिहिलं आहे. आता डॉक्टरांनी मॉर्फिनचा विषय काढला आहे. त्या विचारतात, “मी व्यसनी झाले आहे का? गोळ्या सोडून दुखणं सोसू, की गोळ्यांची गुलाम होऊन राहू?”

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी एक काम. हे वाचून उद्यापासून गोळ्या बंद करू नका, आणि वाढवू तर मुळीच नका. दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही ट्रामाडॉलची कमाल मात्रा आहे आणि तुम्ही तिथे पोचला आहात. तिच्यापुढे आराम फारसा वाढत नाही, फिट येण्याचा धोका मात्र वाढतो.

आता ते दोन दिवस. घाम, गळणारं नाक, जुलाब, निद्रानाश ही ओपिऑइड औषध (अफूच्या जातीचं वेदनाशामक; ट्रामाडॉल आणि मॉर्फिन त्यातलीच) अचानक तुटल्याची नेहमीची लक्षणं आहेत. कोणत्याही माणसाला महिनोन्‌महिने रोज ही औषधं दिली आणि एकदम काढून घेतली, तर हेच होईल. मग तो माणूस कितीही करारी असो. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. व्यसनात नुकसान समोर दिसत असूनही माणूस औषधाच्या मागे धावतो, त्यावरचा ताबा सुटतो, दुखण्याशी संबंध नसलेल्या कारणांसाठी ते घेऊ लागतो. त्या दोन दिवसांवरून तुम्ही स्वतःला व्यसनी ठरवलंत, ते चुकीच्या पुराव्यावर.

पण पत्रातलं एक वाक्य मी सोडून देणार नाही. भांडण झालं, की दुखत नसतानाही एक गोळी. हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत याचं मला मोल वाटतं, कारण बहुतेक जण हेच वाक्य गाळतात. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांवरही काम करतं, त्यामुळे त्याने घटकाभर मन शांत होतं यात नवल नाही. मात्र गोळी पोटासाठी आहे की मनासाठी, ही सीमा पुसली गेली की मात्रा वाढत जाते. हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. ते ऐकून डॉक्टर तुमच्यावर चिडले, तर तो दोष तुमचा नाही, पण मग दुसरा डॉक्टर शोधायला हवा. आणि लपवण्याबद्दल स्वतःलाच विचारा : गोळ्या लपवता त्या मोजणाऱ्या माणसाच्या भीतीने, की रात्री हाताशी जास्तीच्या असाव्यात म्हणून? पहिलं उत्तर असेल तर तो घरातला प्रश्न आहे, दुसरं असेल तर उपचारातला. दोन्हीही असू शकतं.

आता मला तुमच्या प्रश्नावरच शंका घ्यायची आहे. ‘गोळ्या की दुखणं’ असे दोनच रस्ते तुम्ही मांडलेत. त्यात तुम्ही धरून चालला आहात, की दुखणं एकच आहे, ते स्वादुपिंडाचं आहे आणि गोळी त्याच्यावर चालते आहे. तुमचं पत्र वाचून मला तसं वाटत नाही.

या आजारात एकाच पोटात तीन-चार वेगवेगळी दुखणी नांदतात. पहिलं नळीचं. स्वादुपिंडातला पाचकरस वाहून नेणारी मुख्य नळी खड्यांनी किंवा आवळल्यामुळे अडते आणि मागे दाब वाढतो. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने वर मधोमध उठून पाठीत जाणारी, पुढे वाकून बसल्यावर थोडी हलकी होणारी कळ बहुधा या जातीची. दुसरं मज्जातंतूंचं. वर्षानुवर्षं सुजेत राहिलेले तंतू स्वतःच बिघडतात आणि पुढे मेंदू-मणक्यापर्यंतची यंत्रणा इतकी हळवी होते, की जेवणाशी, हालचालीशी काही संबंध न ठेवता जळजळ, आग, ठणका चालू राहतो. तिसरं आतड्यांचं, आणि ते औषधाने आणलेलं असतं. ओपिऑइडने आतडी मंदावतात, पोट फुगतं, मळ साचतो. काही रुग्णांत तर मात्रा वाढवावी तसं पोट अधिकच दुखतं. चौथं म्हणजे दोन गोळ्यांच्या मधली तूट. आधीच्या गोळीचा असर उतरला, की अगदी त्या दोन दिवसांसारख्याच कळा येतात, फक्त छोट्या प्रमाणात. पुढची गोळी घेतली की त्या थांबतात आणि आपल्याला वाटतं, गोळीने स्वादुपिंड शांत केलं.

म्हणजे तुमच्या आठ गोळ्यांपैकी काही गोळ्या आधीच्या गोळ्यांनीच आणलेल्या दुखण्यावर खर्ची पडत असणार. किती, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ते शोधता येतं. दोन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवा. नुसता ‘दुखणं ७’ असा आकडा लिहून उपयोग नाही. असं लिहा : ‘पहाटे ५, पूर्ण पोटात पिळवटून, जांभया, घाम, शेवटची गोळी रात्री ९.’ किंवा ‘दुपारी जेवणानंतर पाऊण तास, पाठीत, वाकून बसल्यावर बरं.’ किंवा ‘तीन दिवस शौचाला नाही, पोट टम्म, गोळीने फरक नाही.’ या तीन नोंदींवर तीन वेगळे इलाज आहेत, आणि त्यातल्या एकाही नोंदीचं उत्तर आपोआप ‘मॉर्फिन’ असं येत नाही.

तुम्ही लिहिलं आहे, ‘डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांशिवाय इलाज नाही.’ पण हे म्हणण्याआधी नळीचं चित्र शेवटचं कधी काढलं होतं? पत्रात कुठेही सीटी स्कॅनचा किंवा एमआरसीपीचा, म्हणजे एमआरआयने ही नळी दाखवणाऱ्या तपासणीचा, उल्लेख नाही. मला हे सर्वात जास्त खटकलं. वेदनाशामक सुरू झालं, की शोध थांबतो, रुग्णाचाही आणि डॉक्टरांचाही. नळी फुगलेली असेल, खडे असतील, तर शॉकवेव्हने ते फोडता येतात, तोंडावाटे दुर्बीण घालून (एंडोस्कोपीने) नळीत ती उघडी ठेवणारा स्टेंट घालता येतो, किंवा शस्त्रक्रिया करून नळी आतड्याला जोडून रसाला नवी वाट काढून देता येते. इथे वेळेला महत्त्व आहे. नेदरलँड्समध्ये २००७ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अडलेल्या नळीसाठी शस्त्रक्रियेने एंडोस्कोपीपेक्षा दुखणं जास्त कमी झालं. त्याच देशातल्या ‘एस्केप’ नावाच्या २०२० च्या चाचणीत ८८ रुग्ण होते, आणि ते मुद्दाम असे निवडलेले, की ज्यांना ओपिऑइड सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. ज्यांची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांचं दीड वर्षाच्या पाठपुराव्यात दुखणं, आधी औषधं आणि एंडोस्कोपी करत बसलेल्यांपेक्षा कमी राहिलं. ओपिऑइडवर वर्षानुवर्षं काढल्यानंतर तीच शस्त्रक्रिया तितकी फळत नाही, कारण तोवर दुखणं नळीतून निघून मज्जातंतूंत मुरलेलं असतं.

तुम्हाला सव्वा वर्ष झालं आहे. उशीर झालाय असं मी म्हणणार नाही, पण आणखी वर्षभर नुसत्या प्रिस्क्रिप्शनवर काढू नका. नळी फुगलेली नसेल, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही, हेही सांगून ठेवते. पोटातल्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदना अडवण्याची युक्ती आहे, पण या आजारात तिचा आराम बहुधा काही आठवडे-महिनेच टिकतो. संपूर्ण स्वादुपिंड काढून त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी यकृतात परत सोडण्याची शस्त्रक्रिया १९७७ साली मिनेसोटा विद्यापीठात पहिल्यांदा झाली. ती आजही मोजक्याच केंद्रांत होते आणि तुमच्या टप्प्यावर तिचा विचार करायचं कारण मला दिसत नाही.

मॉर्फिनबद्दल. ते नावच इतकं बदनाम आहे, की डॉक्टरांनी उच्चारताच तुम्हाला शेवट जवळ आल्यासारखं वाटलं. तसं काही नाही. योग्य हातात ते जुनं, ओळखीचं औषध आहे. पण हलकं औषध पुरेना, की पुढची पायरी चढायची, ही जी शिडी डॉक्टर वापरतात, ती जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी मांडली होती. दहा-वीस-तीस वर्षं जगायचं असलेल्या, नोकरी करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला ती जशीच्या तशी लावण्यात अडचण आहे. तुमच्या बाबतीत तर चढण्याआधी खालच्या पायरीवरच बरंच काम बाकी आहे.

एक उदाहरण देते. ट्रामाडॉल स्वतः अर्धंच औषध आहे. यकृतात त्याचं रूपांतर होतं, तेव्हा कुठे त्याचा ओपिऑइड असर मिळतो. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं नेमकं हेच रूपांतर अडवतात. तुम्ही मनासाठीच्या गोळीचं नाव लिहिलेलं नाही. ती यांपैकी असेल, तर ट्रामाडॉल ‘चालत नाही’ यामागे तीच असू शकते. शिवाय नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या आणि ट्रामाडॉल एकत्र आले, की फिटचा आणि सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, गोंधळ, छातीत धडधड होण्याचा धोका वाढतो. दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या गोळ्या पाहिलेल्याच नाहीत, अशी मला दाट शंका आहे. तीही गोळी स्वतःहून बंद करू नका, पण या आठवड्यातच दोघांना दोन्ही नावं कळवा.

आणि झोपेची गोळी. ओपिऑइडने श्वासाचा वेग मंदावतो, झोपेच्या बहुतेक गोळ्यांनीही मंदावतो, दारूनेही. दोन एकत्र आल्या की माणूस झोपेतच गेल्याच्या घटना घडतात. मॉर्फिन घ्यायचं ठरलं, तर त्याआधी झोपेच्या गोळीचा निकाल लागलाच पाहिजे. ती रोजची झाली असेल, तर तीही टप्प्याटप्प्यानेच काढावी लागते.

मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी वेगळी औषधं आहेत. प्रीगॅबालिनची या आजारातच चाचणी झाली, २०११ साली, आणि तीन आठवड्यांत दुखणं औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा जास्त उतरलेलं दिसलं. फरक माफक होता, पण होता. त्याने गुंगी येते आणि ओपिऑइडसोबत ती वाढते, म्हणून सुरुवात हळू. अ‍ॅमिट्रिप्टिलिनही वापरतात, पण ट्रामाडॉल आणि तुमची दुसरी गोळी चालू असताना तो निर्णय डॉक्टरांचाच. साधं पॅरासिटॅमॉल ठरलेल्या वेळी नियमाने घेतलं, तर कधी कधी ओपिऑइडची एखादी मात्रा वाचवतं. लोक त्याला तापाची गोळी म्हणून किंमत देत नाहीत.

आता समजा नळी पाहून झाली, गोळ्यांचा मेळ घालून झाला आणि तरी दुखणं उरलं, म्हणून मजबूत ओपिऑइड घ्यायचं ठरलं. मी त्याच्या विरोधात नाही. कुणाला दुखण्यात तडफडत ठेवण्यात काही नैतिक मोठेपणा नाही. फक्त ते ‘बघू’ म्हणून सुरू होऊ नये. सुरू करतानाच डॉक्टरांसोबत लिहून ठेवा : यातून मला काय करता यायला हवं? ‘दुखणं शून्य’ हे उद्दिष्ट बहुतेकांना गाठता येत नाही आणि त्याचा पाठलाग करतानाच मात्रा वाढत जाते. ‘सलग चार तास वर्गात उभी राहीन, रात्री पाच तास झोपेन, पोटभर जेवून वजन टिकवेन’ हे उद्दिष्ट मोजता येतं. महिनाभराने यातलं काहीच साधलं नसेल, तर औषध निकामी ठरलं, मात्रा कमी पडली असं नाही. मग ते उतरवायचं. प्रिस्क्रिप्शन एकाच डॉक्टरांचं, औषध शक्यतो एकाच दुकानातून. हे तुमच्यावर पाळत ठेवण्यासाठी नाही, गोळ्यांची टक्कर कुणाच्या तरी नजरेस पडावी म्हणून.

मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही, त्याची शरीराला सवय होत नाही. म्हणून पोट साफ राहण्याचं औषध ओपिऑइडसोबत पहिल्या दिवसापासून हवं, आणि इसबगोलासारखा नुसता चोथा इथे पुरत नाही, कधी उलट पोट जड करतो. सेना, बिसाकोडिल किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांपैकी काय ते डॉक्टरांना विचारा. तुमच्या सध्याच्या आठ गोळ्यांसोबत यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा हे काम मॉर्फिनची वाट न बघता करण्यासारखं आहे.

पॅचबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. फेंटानिल या मजबूत ओपिऑइडचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच तीन दिवस चालतो, गिळायचं काही नसतं, त्यामुळे सोपा वाटतो. या आजाराच्या रुग्णांच्या पोटावर, पाठीवर मला नेहमी एक तपकिरी जाळी दिसते. गरम पाण्याची पिशवी महिनोन्‌महिने त्याच जागी धरून ती उमटलेली असते. ती दिसली, की किती दुखतं हे विचारावं लागत नाही. तुमच्याही अंगावर असेल, तर हे लक्षात ठेवा : पॅचवर किंवा त्याच्या आसपास शेक द्यायचा नाही. उष्णतेने औषध एकदम जास्त शरीरात उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. अंगात ताप असतानाही तेच. वापरलेल्या पॅचमध्ये औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत दुमडून, मुलांच्या हाती लागणार नाही अशीच त्याची विल्हेवाट लावायची. आणखी एक जुनी गोष्ट कानावर येईल : मॉर्फिनने स्वादुपिंडाच्या नळीचं तोंड आवळतं, म्हणून पेथिडीनची इंजेक्शनं बरी. ही समजूत आता मागे पडली आहे. पेथिडीन वारंवार घेतलं, तर त्याचा अवशेष शरीरात साठून फिट येऊ शकतात.

मात्रा उतरवायची असेल, तर ती घाई न करता. वर्षभराहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी दरमहा साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही हळू, असं अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं २०२२ चं मार्गदर्शन सांगतं. मध्ये थांबता येतं, एखाद्या वाईट महिन्यात तिथेच राहता येतं. ट्रामाडॉल बंद करून दुसऱ्या दिवशी सरळ मॉर्फिन, असंही नको. ट्रामाडॉलचा सेरोटोनिनवरचा असर मॉर्फिन भरून काढत नाही, त्यामुळे बेचैनी, घबराट, हातापायांना मुंग्या असं काही दिवस होऊ शकतं. आधी माहीत असलं, की घाबरायला होत नाही.

बाकीचं थोडक्यात, कारण तुम्हाला बहुधा माहीत असेल. पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल दुखण्यावर क्वचितच चालतात, पण जेवण पचून वजन टिकायला लागतात, आणि त्या जेवणासोबत घ्यायच्या, नंतर नाही. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर बंद, त्याने हा आजार दारूशिवायही पुढे सरकतो. साखर आणि ड जीवनसत्त्व अधूनमधून तपासा.

दारूच्या प्रश्नाने तुम्ही दुखावल्या आहात, ते रास्त आहे. जनुकांतल्या दोषाने, रक्तातल्या वाढलेल्या चरबीने किंवा कॅल्शियमने हा आजार होतो, आणि कित्येकांत कारण सापडतच नाही. फक्त एक सांगावंसं वाटतं. ज्याने दारू प्यायली, त्याचंही स्वादुपिंड तितकंच दुखतं. ‘मी त्यातली नाही’ हे सिद्ध करण्यात तुम्ही डॉक्टरांसमोरची बरीच मिनिटं घालवत असाल. ती नळीविषयी विचारण्यात घालवा.

तुमच्या पतींना मी दोष देत नाही. घाबरलेला माणूस मोजत बसतो. त्यांना मोजायलाच सांगा, पण तुमच्या संमतीने आणि उघडपणे : आठवड्याच्या गोळ्या खान्यांच्या डबीत एकदाच भरायच्या, बाकीच्या कुलपात, लपवलेल्यासुद्धा. जी गोळी चुकून आधी संपली, ती वहीत लिहायची, त्यावर घरात खटला नको. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या, म्हणजे सवय आणि व्यसन यांतला फरक ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील. तुमच्याकडून ऐकला, तर तो त्यांना सबब वाटेल.

आणि त्यांना हेही ठाऊक असायला हवं. तुम्ही हाक मारून, हलवून उठत नसाल, श्वास फार संथ किंवा अडखळत घोरल्यासारखा असेल, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर एक मिनिटही न थांबता रुग्णवाहिका. मात्रा जास्त झाल्यावर उतारा म्हणून नॅलोक्सोन देतात. ते घरी ठेवता येईल का, हे मॉर्फिन लिहून घेतानाच विचारा. फिट आली, कावीळ झाली, तापासोबत दुखणं वाढलं, उलट्या थांबेनात, शौचास काळी झाली, किंवा नेहमीच्या कळेपेक्षा वेगळंच काही वाटलं, तर जास्तीची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री रुग्णालयात जा आणि सगळ्या गोळ्यांची नावं लिहिलेला कागद सोबत न्या.